मानीबाईचं खरं रडणं

मानीबाई नागपूरला पहिल्यांदा गेली ती चार दिवसांची पाहुणी म्हणून, एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर. तिचा एकुलता एक लेक रूपसिंग तिथे कापडाच्या मिलमध्ये लागला होता. त्याने तिला अजबबंगल्यातलं संग्रहालय दाखवलं, महाराजबागेतला वाघ दाखवला, सीताबर्डीवर भजी खाऊ घातली. परत आल्यावर दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यात सहा महिने तोच वाघ डरकाळ्या फोडत होता. मी तिथला शाळामास्तर. पोरांना पाढे शिकवावेत की मानीबाईचं नागपूर ऐकावं, असा प्रश्न मला रोज पडे.

एक गोष्ट ती फार रंगवून सांगायची. बंजाऱ्यांच्या बाया खूप दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात आणि त्या रडण्यातच सुखदुःखाची सगळी हकीकत सांगतात. तशी ती सून हंसाबाईच्या गळ्यात पडून रडली, तर सगळी चाळ धावत आली. समोरचे पुंडलिकराव तर डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं टाकून थेट मयतीच्या तयारीनेच! "कोण गेलं हो?" म्हणून विचारू लागले. हे सांगताना मानीबाईची हसून मुरकुंडी वळायची.

मग रूपसिंग तिला न्यायलाच आला. "याडी, आता कायमची चाल," म्हणाला. आईला ते याडी म्हणतात. हिने ऐटीत तांड्याला रामराम केला आणि आपल्या पाचही शेळ्या धाकटी जाऊ सुखीबाई हिला देऊन टाकल्या. "मले आता कायले पाह्यजेत? मी शहरातली झाली!"

राहायला गेल्यावर नागपूर वेगळंच निघालं. वाघ बागेत आणि ही नळाच्या रांगेत. तिच्या घागऱ्याकडे, हातभर बांगड्यांकडे लोक टकामका पाहत. पाहुणी असताना तिला त्याची मौज वाटली होती, रोज तेच सोसायचं म्हटल्यावर जीव नकोसा झाला. रूपसिंग मिलच्या पाळीत, सून लेकरांत. खूप दिवसांनी भेटणारं कुणी येईचना, मग रडणार कुणाच्या गळ्यात? लेकाने "गमते ना, याडी?" विचारलं की "लय बेस" म्हणायची. परत जावं तर एवढ्या बढाया मारलेल्या, आणि दिलेल्या शेळ्या मागायच्या म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

आठव्या महिन्यात सुखीबाई आली, वाघ पाहायला. मानीबाई दारातच तिच्या गळ्यात पडली. पहिली दोन कडवी बरी गेली. लेक भला, सून भली. पण त्या रडण्यात खोटं बोलायची रीत नाही. तिसऱ्या कडव्याला बांध फुटला. त्यांच्या गोरबोलीतलं ते रडणं आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर, "मले इथं गमत नाही वं! शेळ्या देऊन बसली, आता कोण्या तोंडानं येऊ?"

सुखीबाईने त्याच सुरात उत्तर दिलं, "तुह्या शेळ्या तुह्याच हायेत वं बाई! मी निस्ती राखून राह्यली. तू बांधलेले गळ्यातले दोरेबी सोडले नाही!"

आत रूपसिंग सगळं ऐकत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याचेही डोळे भरले होते. "तू वाघ पाहून एवढी खुश झालती, म्हणून मले वाटलं तुले नागपूर आवडलं. पहिलेच काहून नाही सांगतलं?"

"रोज दिसणाऱ्या माणसाजोळ कशी रडू रे बाप्पा?"

दुसऱ्या दिवशी दोघी जावा वाघ पाहून एसटीत बसल्या. तांड्यात उतरल्यावर जे रडणं झालं, त्यापुढे माझे पाढे कोण ऐकतो? मी त्या दिवशी शाळा लवकर सोडली. खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं.

आता ती दर दिवाळीनंतर चार दिवस नागपूरला जाते. दारात सूर लागला की पुंडलिकराव टोपी शोधत नाहीत, बायकोला चहा टाकायला सांगतात. आणि रूपसिंग कितीही घाईत असला तरी चपला काढून उंबऱ्याशी बसतो, आणि शेवटचं कडवं संपेपर्यंत हलत नाही.