चीनला पाजलेले तीन ग्लास

माणसाचा देश दुधाच्या एका ग्लासात ओळखणारा इसम सबंध पृथ्वीच्या पाठीवर एकच जन्मला, आणि तो माझा व्याही झाला. थोरल्या लेकीचा सासरा. रोज संध्याकाळी त्यांच्या म्हशी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभ्या असायच्या. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा, ही आमच्या कोल्हापूरची रीत. व्याही जन्मात कधी बेळगावच्या पुढं गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कशाला जायाचं? जग हितंच येतंय की दूध प्याला!" मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. सायकली दुरुस्त करून म्हातारा झालो, कुणापुढं मान वाकवली नाही. पण व्याह्यांचं हे लिहिताना मान खाली जाते. निम्मी त्यांच्यापायी, निम्मी माझ्या स्वतःपायी.

अंबाबाईचं देऊळ बघून एखादा परदेशी पाहुणा पाठीवर पिशवी घेऊन कट्ट्यावर आला, की व्याही धोतराचा सोगा सावरून बसायचे. ग्लास त्याच्या हातात गेला की सगळा कट्टा गप्प. एका गोऱ्यानं ग्लास नाकाशी नेला आणि "बॉईल? बॉईल?" असं विचारलं. व्याही म्हणाले, "दीडशे वर्सं राज्य केलं, आनि म्हशीच्या दुधाला भ्यालं!" त्या दिवसापासून अख्खं इंग्लंड भित्रं ठरलं. पुढं एका मास्तरनं सांगितलं की तो गोरा इंग्रज नव्हता, ऑस्ट्रेलियाचा होता. व्याह्यांनी जरा विचार केला, "मग दोनी भित्री," म्हणाले आणि म्हशीपुढं पेंड सारली. एका जर्मनानं दूध पिऊन रुमालानं तोंड पुसलं आणि रुमालाची नीट घडी घातली, म्हणून जर्मनी नेटका. फ्रान्सच्या एका बाईनं म्हशीच्या कपाळाचा मुका घेतला. तेव्हापासून टीव्हीवर फ्रान्सचा कुणी मंत्री दिसला, की व्याही मला कोपरानं ढोसायचे, "पावणं, ह्यो म्हशीचा मुका घेनाऱ्यातला." रशियाच्या माणसानं तळाचा फेस बोटानं चाटून खाल्ला, तर रशिया घरचा माणूस झाला. एकदा दिलेला निकाल फिरवायची पद्धत नव्हती.

माझी परीक्षाही त्यांनी तिथंच घेतली होती. लेकीच्या सोयरिकीला आले ते मुलगी बघायच्या आधी मलाच कट्ट्यावर घेऊन गेले. मी दुधानं भरलेला तांब्या तोंडाचा न काढता रिकामा केला. "पोरगी पसंत," व्याही म्हणाले. पोरगी अजून घरात पोह्यांच्या बशा भरत होती. तेव्हापासून मला ही पद्धत न्यायाचीच वाटत आली. पास झालेल्याला परीक्षा खोटी कशी वाटेल?

दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. माझा भाचा इचलकरंजीत जॉबर, म्हणजे माग जोडणारा, दुरुस्त करणारा. त्याच्या मालकानं चीनचे नवे माग आणले आणि ते बसवायला तिकडचाच एक कारागीर आला. तिशीचा, सडपातळ, सारखा हसणारा. भाचा आणि तो मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत बोलायचे. दोन दिवसांनी पूजा घालून माग सुरू व्हायचे होते. त्याआधी भाचा त्याला कोल्हापूर दाखवायला घेऊन आला. मीच म्हणालो, "कट्ट्यावर न्हे की. व्याह्यांनी अजून चीन बघितला न्हाय."

व्याह्यांनी धार काढली, फेसाचा ग्लास पुढं केला. पाहुण्यानं हात जोडले, मान हलवली आणि पोटावर हात ठेवला. आम्हाला वाटलं, जेवण झालंय म्हणतोय. कोल्हापुरात 'पोट भरलंय' हे कुणी ऐकून घेत नाही. पाहुणा तीनदा नको म्हणाला, तरी चौथ्यांदा वाढायचं असतं.

"घ्या की पावणं, लाजताय काय!"

त्यानं परत पोटावर हात ठेवला. व्याह्यांचा चेहरा बदलला. बासष्टच्या लढाईपासून त्यांच्या पोटात चीनबद्दल एक गाठ होती, ती सुटली.

"बघा! चीनला दूध पचत न्हाय. आमची जमीन बरी पचती!"

कट्टा खदाखदा हसला. मीही हसलो. नुसता हसलो नाही, मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला. पाहुण्यानं भाच्याला विचारलं, काय म्हणतायत? भाच्यानं त्याच्या इंग्रजीत सांगितलं, "चायना वीक म्हणतायत." पाहुण्याचं हसू गेलं. त्यानं ग्लास घेतला आणि संपवला. दुसरा मागितला. तिसऱ्यासाठी ग्लास आपल्याच हातानं पुढं केला. रिकामा ग्लास कट्ट्यावर पालथा घातला तेव्हा टाळ्या पडल्या. "चीन पास!" व्याह्यांनी आरोळी ठोकली आणि आपल्या डोक्यावरचा फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाच्याचा फोन आला. पाहुणा इचलकरंजीत दवाखान्यात होता. जुलाब थांबत नव्हते, सलाईन लावलं होतं, पूजा पुढं ढकलली होती आणि मालक संतापला होता. डॉक्टरनं भाच्यालाच झापलं होतं. त्या मुलखातल्या पुष्कळ माणसांना मोठेपणी दूध सोसत नाही, वर हे कच्चं, म्हशीचं. तो पोटावर हात ठेवून सांगत होता ते हेच.

मी तडक व्याह्यांच्या गोठ्यात जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी धारेची कासंडी खाली ठेवली आणि म्हणाले, "पावणं, त्यो तिकडं जाऊन काय सांगंल हो?"

"काय सांगनार?"

"हिंदुस्थान कसला हाय म्हनून. आपन न्हाय का सांगत?"

आम्ही शहाळी घेऊन एसटीनं इचलकरंजीला गेलो. सगळ्या वाटेत व्याही एवढंच बोलत होते. "आपल्यापायी सगळा देस बाद हुनार, पावणं. गांधी बाद, शिवाजी महाराज बाद. एका म्हशीपायी." हसावं असं बोलणं, पण मला हसू आलं नाही. शड्डू ठोकलेला हात मी कुठं ठेवावा ते कळेना.

दवाखान्यात आम्हाला बघून तो माणूस सलाईनसकट उठून उभा राहिला. म्हातारी माणसं आली म्हणून. व्याह्यांना तेवढंच पुरे झालं. त्यांनी शहाळी खाली ठेवली आणि भाच्याला म्हणाले, "त्याला इचार, घरी जाऊन आमच्या देसाचं काय सांगनार?"

भाच्यानं विचारलं. पाहुणा बराच वेळ समजून घेत होता. मग थोडं बोलला.

"काय म्हनला?"

"म्हनतोय, देशाचं मी काय सांगू? एक म्हातारा भेटला होता, त्याची म्हस चांगली हाय, असं सांगीन."

व्याह्यांनी त्याचा मोकळा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बाहेर आल्यावर दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो.

नंतर त्या माणसानं माग सुरू करून दिले आणि तो आपल्या देशी गेला. व्याही पुढं पुष्कळ वर्षं कट्ट्यावर बसत होते. पण निकाल बंद झाले. खोटं कशाला सांगू, मला ते निकाल आठवायचे आणि आठवले की लाजही वाटायची. एकदा कुठल्याशा देशाची एक मुलगी आली. सवयीनं सगळा कट्टा व्याह्यांच्या तोंडाकडं बघू लागला. त्यांनी धार काढली, ग्लास तिच्याजवळ कट्ट्यावर ठेवला आणि पाठ फिरवून म्हशीच्या अंगावरनं हात फिरवत उभे राहिले. तिनं प्यावं, नाहीतर ओतून टाकावं. तिनं काय केलं ते त्यांनी पाहिलं नाही. मीही मग दुसरीकडं बघितलं.