शेडमधला चहा

सासरे फौजेतून निवृत्त झालेले. कोंबड्यांची शेड सांभाळायची मी, पण थंडी पडली की पडदे सोडायचा हुकूम त्यांचा. गारठ्यानं पिल्लं मरतील म्हणायचे. दुपारी चांगलं ऊन असलं तरी पडदे वर करायचे नाहीत. खाली अंथरलेलं तूस ओलं व्हायचं आणि त्याचा उग्र वास डोळ्यांना झोंबायचा. पिल्लांचे डोळे सुजले, घशात घरघर लागली. जरा हवा खेळू द्या, असं मी रोज सांगायचे. ते दारातच उभे राहून विचारायचे, वास कुठाय?

निम्मीअधिक पिल्लं गेली. नवरा लोणंदला कारखान्यात, त्यामुळे खड्डा मीच खणला. इकडे सासऱ्यांनी पारावर बसून सांगितलं, सुनेचा पायगुण वाईट, आणखी एक बॅच बघतो आणि शेड धाकट्या मुलाकडे देतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझा पायगुण आठवला! राग मी गिळला नाही, नीट झाकून ठेवला.

ती शेवटची बॅच शेडमध्ये होती, पडदे तसेच खाली. वाईहून त्यांचे दोन फौजी सोबती आले आणि सासरे मोठ्या तोऱ्यात त्यांना शेड दाखवायला घेऊन गेले. मी तिथेच, तुसावर पाट मांडले. उकळता चहा पेले भरभरून नेला. पाहुण्यांबरोबर घेतलेला चहा टाकून यजमानाला उठता येत नाही. उभ्या माणसाला वास कमी लागतो, पाटावर बसलं की नाक चोचीच्या उंचीला येतं. शिवाय गरम चहावर फुंकर घालायची तर आधी श्वास घ्यावा लागतो.

एक पाहुणा खोकला, दुसऱ्याने रुमाल काढला. सासऱ्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. मला फार बरं वाटलं. मी समोर उभी राहून विचारलं, "मामा, डोळ्याला पानी आलं व्हय? माझाच पायगुण आसंल."

पाहुणे त्यांच्याकडे बघत राहिले. सासरे अर्धा पेला ठेवून उठले आणि पडद्याचा दोर त्यांनी स्वतः ओढला.

शेड माझ्याकडेच राहिली. कोंबड्यांना मोकळी हवा कशी लागते, हे आता ते पारावर लोकांना समजावून सांगतात. माझी माफी त्यांनी मागितली नाही आणि मी ती दिलेलीही नाही. अजून ते शेडवर आले की मी आधी पाट मांडते. ते उभेच राहतात.