दुसरी शाल

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. कुणी नेमलेलं नाही. बाकीच्यांना कामं असतात आणि मला तोंड आहे, एवढीच पात्रता. बायको म्हणते, "तुम्ही बोलायला लागलात की आमटी दोनदा गरम करावी लागते." तरी पुतण्या-भाचरांना बहारीनच्या गोष्टी माझ्याकडूनच हव्या असतात. उंटावरून पडलो ती, बोहऱ्याच्या लग्नात चुकून जेवून आलो ती. ही मात्र कुणी मागत नाही आणि मीही वाढत नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात काम घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी स्टोअर्स सांभाळायचो. राहायला गुदैबियात, खाली केरळी माणसाचं कोल्ड स्टोअर, म्हणजे तिकडचं किराण्याचं दुकान, आणि वर आम्ही नवरा-बायको. धाकट्या भावाला मीच व्हिसा काढून बोलावून घेतलं होतं. तो क्रेनच्या दुरुस्तीवर होता. उंच, हसरा, आणि आमच्या घराण्यात दुर्मीळ असा बिनपोटाचा.

मराठी मंडळींनी गणपतीत नाटक बसवलं. मला प्रेताचं काम मिळालं, कारण मला गप्प बसवायचा दुसरा उपाय कुणाला सुचला नाही. धाकटा लाइट लावायचा. तिथे मेकअपला मदत करणाऱ्या मुलीशी त्याचं जमलं. मी पहिल्या अंकापासून स्टेजवर आडवा, त्यामुळे विंगेत काय चाललंय ते सगळ्यात आधी मलाच दिसलं.

मुलगी बहारीनमध्येच वाढलेली, मराठी सगळं कळणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. वडील मूळचे पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, जनाबियाला व्हिला. मंडळींचे पुढारीही तेच. आम्हाला वाटलं, आता बोलावणं येणार आणि पाणउतारा होणार. बोलावणं आलं, पण त्यांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "आमच्या घरात जात विचारत नाहीत. विचारणं हाच मी अपमान समजतो."

विचारत नाहीत म्हटल्यावर आम्ही सांगितलं नाही. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुणाला काही लागत नाही. आम्ही सोलापूरचे कैकाडी. टोपल्या विणणारी आणि पाठीवर संसार घेऊन फिरणारी जमात. इंग्रजाने आमच्यासारख्यांची जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंद केली आणि तारेच्या कुंपणात घातलं. सोलापुरात त्या वस्तीला सेटलमेंट म्हणतात. मी त्या तारेच्या आत जन्मलो. आजोबा गिरणीत जाताना पास दाखवायचे आणि परत आल्यावर हजेरी द्यायचे, ते मला आठवतं. धाकटा जन्मला तेव्हा तार काढून टाकलेली होती. आम्हा दोघांत जो फरक आहे तो मला वाटतं एवढाच. मला अजून कुणी मोठ्याने नाव घेतलं की पाय जुळतात.

साखरपुडा ईदच्या सुट्टीत ठरला आणि लग्न डिसेंबरच्या रजेत, पुण्याला. धाकटा चार वर्षांनी पहिल्यांदा स्वतःसाठी बूट घेऊन आला. मी म्हटलं, "हे घालून क्रेनवर चढणार का?" तो म्हणाला, "अण्णा, हे घालून मी जमिनीवर चालणार."

त्याच सुमारास आमच्या साइटवर युगोस्लाव्हियाचा एक मिस्त्री आला. भट्टीला आतून विटांचं अस्तर लावायचं काम तो करायचा. रंग आमच्यासारखाच. बाकीचे युगोस्लाव्ह दुसऱ्या टेबलावर जेवायचे, हा एकटा. एकदा माझ्यासमोर बसला, ग्लास उचलला आणि म्हणाला, "पानी." मग नाकाला बोट लावून "नाख", कानाला लावून "कान". मला वाटलं कुणी हिंदी शिकवलंय. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "कुणी नाही. आई." तो रोमा होता, ज्यांना गोरे लोक जिप्सी म्हणतात त्यातला. त्याच्या आजीने सांगितलं होतं की आपण फार पूर्वी हिंदुस्थानातून निघालो.

असली गोष्ट माझ्यासारख्याच्या पोटात राहील कशी? पुढच्या शुक्रवारी जनाबियाला चहा पिताना मी ती नाकाकानांच्या अभिनयासकट सांगितली. मुलीचे वडील खुर्चीतून उठले. "अहो, म्हणजे आपली माणसं! हजार वर्षांपूर्वी गेलेली आपली माणसं! त्यांचा सत्कार झाला पाहिजे." त्यांचा उत्साह खरा होता. ते ढोंगी होते असं मी आजही म्हणणार नाही. ढोंगी असते तर बरं झालं असतं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी दुपारी व्हिलाच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं जमली. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून आला. त्याला फेटा बांधायचा प्रयत्न झाला. बांधणारे गृहस्थ इंजिनियर असल्यामुळे तो तीनदा सुटला. शाल दिली, नारळ दिला. नारळ त्याने कानाशी धरून हलवला आणि मला विचारलं, "आता फोडायचा की प्रार्थना करायची?" मग त्याने त्यांच्या भाषेत एक ते दहा आकडे म्हटले. दोन, तीन, पाच, दहा ओळखू आले आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. वसईच्या एक नर्सबाई डोळे पुसत होत्या. दुभाषी अर्थातच मी.

त्याला बोलायला सांगितलं. तो उभा राहिला आणि शाल सावरत हळू हळू बोलला. तो म्हणाला, आमच्या गावात मी दुकानात शिरलो की दुकानदाराचा हात आधी गल्ल्यावर जातो. माझ्या मुलाला शाळेत मंदबुद्धीच्या वर्गात बसवलं, परीक्षा न घेता. माझ्या आजोबांना युद्धात जर्मनांनी तारेच्या आत नेलं, ते परत आले नाहीत. मी भट्टी बांधतो, गोऱ्या मिस्त्रीपेक्षा चांगली बांधतो, पण जेवताना एकटा असतो. म्हणून मला एक विचारायचं आहे. आम्ही निघालो तेव्हा काही लोक मागे राहिले असतील. तुमच्या देशात त्यांना काय म्हणतात? ते बरे आहेत ना?

मी हे मराठीत सांगितलं. तारेपाशी माझा आवाज जरा घसरला, पण मी खोकल्यावर निभावलं.

मग मागून फेटेवाले इंजिनियर म्हणाले, "मागे राहिलेले म्हणजे ते पालं ठोकून राहतात ते की काय?"

"अहो, आमच्या कॉलनीजवळ ते लोक उतरले की आई वाळत घातलेले कपडे आत घ्यायची," एक बाई म्हणाल्या.

"कपडे काय, कोंबड्या!"

"आमचे मामा फौजदार होते. काही झालं की पहिल्यांदा पालावर जायचे. म्हणायचे, तपास सोपा असतो."

हशा झाला. वाईट मनाचा नव्हे, घरगुती हशा. मुलीची आई हसू आवरत माझ्याकडे वळून म्हणाली, "हे मात्र त्यांना सांगू नका हं, भावजी."

मिस्त्री माझ्याकडे बघत होता. मी इंग्रजीत म्हटलं, "ते म्हणतात, असे लोक पुष्कळ आहेत. ठिकठिकाणी राहतात."

"आणि बरे आहेत?"

मी शब्द शोधत होतो. इंग्रजी माझं स्टोअर्सपुरतं. नटबोल्ट असते तर पटकन सापडले असते. तेवढ्यात लाइटच्या बटनांपाशी उभा असलेला धाकटा पुढे आला. त्याने मिस्त्रीला कळेल अशा सोप्या इंग्रजीत सांगितलं, "आम्ही त्यातले आहोत. मी आणि हा माझा भाऊ. आमचे आजोबाही तारेच्या आत होते." आणि मग सगळ्यांकडे वळून मराठीत, अगदी शांतपणे, "आम्ही कैकाडी आहोत. कोंबड्यांचं मला माहीत नाही, मी क्रेनवर असतो."

आता रक्ताचं म्हणाल तर त्याचं आमचं नातं असेल-नसेल. त्याची भाषा हिंदीच्या अंगाची आणि आमच्या आईची बोली तमिळच्या नात्यातली. पंडित लोक यावर भांडत असतील तर भांडोत. धाकटा ज्या नात्याबद्दल बोलला ते गल्ल्यावर जाणाऱ्या हाताचं होतं, आणि ते मिस्त्रीला भाषांतराशिवाय कळलं. त्याने धाकट्याचे दोन्ही हात धरले आणि सोडले नाहीत.

मुलीच्या वडिलांनी क्षणभर टेबलाची कड धरली. मग मोठ्याने म्हणाले, "वा! याला म्हणतात हिंमत!" आणि धाकट्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. टाळ्या झाल्या. फौजदारांच्या भाच्याने तर सगळ्यात जोरात वाजवल्या. अध्यक्षांसाठी आणलेली दुसरी शाल शिल्लक होती, ती त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, फोटो काढला. मुलगी दारात उभी राहून रडत होती आणि हसत होती. मला वाटलं, झालं, सुटलो.

जिना उतरताना बायको म्हणाली, "जावयाला कुणी शाल-नारळ देऊन बाहेर काढतं का? सत्कार पाहुण्याचा करतात."

"तुला सगळ्यात वाकडंच दिसतं," मी म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा मुलीच्या आईने नेहमीपेक्षा जास्त आग्रह केला. दोन दोन वेळा श्रीखंड वाढलं. फक्त वाढायला उठताना सोफ्यावर पडलेली स्वतःची पर्स उचलली आणि आतल्या खोलीत ठेवून आली. तिलाही ते कळलं नसेल. हात आपोआप गेला असेल. धाकट्याने ते पाहिलं आणि श्रीखंड संपवलं.

मग ईदची सुट्टी जवळ आली आणि मुलीच्या आईला पत्रिका आठवली. वडील संकोचून मला म्हणाले, "माझा यावर काडीचा विश्वास नाही, पण हिच्या मनाची समजूत. जन्मवेळ तेवढी कळवा." जन्मवेळ कुठून आणू? आई म्हणायची, गिरणीचा भोंगा झाला आणि हा झाला. कुठला भोंगा, ते तिला आठवत नव्हतं. मी हसत हसत तसं सांगितलं. ते हसले नाहीत. "मग थोडं थांबू या," म्हणाले. "घाई कशाला? होईल, इंशाल्ला."

बहारीनमध्ये राहिलेल्या माणसाला इंशाल्लाचे सूर कळतात. हा सूर व्हिसा ऑफिसच्या खिडकीतला होता.

नंतर मुलीची मावशी आजारी पडली. मग मुलीला पुण्यात कुठलासा कोर्स करायचा निघाला. प्रत्येक वेळी ते मला फोन करून माफी मागायचे, धाकट्याची चौकशी करायचे, "रत्न आहे हो तुमचा भाऊ" म्हणायचे. जातीचा शब्द एकदाही काढला नाही. तत्त्वाचा माणूस. शिवी दिली असती तर मी निदान भांडलो असतो. भांडायला मला छान येतं.

पुण्याला जायच्या आधी मुलगी एकटी आमच्याकडे आली. बाहेरच्या खोलीतल्या स्टुलावर बसली. "दादा, डॅडी सेज देअर इज नो प्रॉब्लेम," म्हणाली. "दे ऑल से नो प्रॉब्लेम. देन व्हॉट डू आय फाइट?" धाकटा खिडकीपाशी उभा होता. तो म्हणाला, "तू जा. थकशील." ती बराच वेळ बसली. तिने नाही म्हणावं म्हणून मी आत जाऊन विनाकारण भांडी वाजवत राहिलो. ती गेली. वर्षभरात तिचं तिकडेच लग्न झालं.

मिस्त्रीचं कंत्राट संपलं तेव्हा तो निरोप घ्यायला स्टोअर्समध्ये आला. लग्न कधी, विचारलं. मी म्हटलं, "खलास." त्याने कारण विचारलं नाही. मला ते फार लागलं. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला कारण विचारायची गरज पडली नाही.

राहता राहिली आई. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, सोलापूरला फोन नव्हता. त्यामुळे आमचं बोलणं कॅसेटवर चालायचं. रजेवर जाणाऱ्या कुणाजवळ कॅसेट द्यायची, तो तिची घेऊन यायचा. मुलगी पुण्याला गेल्यानंतरच्या खेपेला तिची आली. धाकट्याने टेपरेकॉर्डर लावला. आईने दोन्ही बाजू लग्नाच्या गाण्यांनी भरल्या होत्या, आमच्या बोलीतल्या. मधेच खोकून सांगत होती, की पुण्याच्या लोकांना आपली भाषा कळायची नाही, म्हणून मी हळू म्हणते, तू सुनेला समजावून सांग. मग पुन्हा गाणं. धाकटा शेवटपर्यंत ऐकत बसला. बटन खट्कन वर आलं तरी उठला नाही.

उत्तर द्यायला हवं होतं; दुसऱ्या दिवशी एक ओळखीचे गृहस्थ निघणार होते. मी कोरी कॅसेट घातली, लाल बटन दाबलं आणि माइक त्याच्यापुढे धरला. तो "आई" म्हणाला. टेप फिरत राहिली. एसीची घरघर तेवढी भरली जात होती. त्याने दोनदा तोंड उघडलं. मग माइक हळूच माझ्याकडे सरकवला.

मी बोलायला लागलो. इथे यंदा उकाडा फार आहे, म्हटलं. सुरमई काय ताजी मिळते, खालच्या केरळ्याला तिसरी मुलगी झाली, माझं पोट आणखी वाढलं. बाजू संपली तेव्हा मी कॅसेट उलटी केली आणि दुसऱ्या बाजूवर बोलत राहिलो.