टोप्यांचा शिवणवर्ग

पंधरा ऑगस्टला नातवाच्या शाळेतून खळ घातलेली पांढरी टोपी घरी आली. तो आंबूस वास नाकात गेला आणि पांढुर्ण्याच्या स्टेशनाजवळची धर्मशाळा आठवली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या बायकांना मी तिथं शिवण शिकवत असे.

त्यांना चार घास मिळावेत म्हणून वर्ग काढला होता, पण निर्वासितांसाठीची मदत समिती कापड पाठवायची ते फक्त टोप्यांचं. महिनोन्‌महिने आम्ही टोप्याच शिवल्या. एक दिवस लाजवंतीनं मशीन थांबवली. "बहनजी, बाजाराला येणारा हरेक शेतकरी बंडी घालतो. मला बंडी सिखवा. टोपी कोण विकत घेणार?"

मी समितीच्या सेक्रेटरींना विचारलं. ते हसले. "पहिले टोप्या होऊ द्या बाई, मोठे पाहुणे येऊन राहिले."

तेव्हा मला ते खरं वाटलं. आज तो हसरा चेहरा आठवला की अंगाचा तिळपापड होतो.

पाहुणे आले. स्वावलंबनावर लांबलचक भाषण झालं. आम्ही शिवलेल्या टोप्या मंडळींनी डोक्यावर चढवल्या आणि तशीच जीपमध्ये बसून गेली. आठवड्याभरात मशिनीही गेल्या. वर्गाचं काम झालं, सेक्रेटरी म्हणाले. रिकाम्या धर्मशाळेत लाजवंती कात्री घेऊन उभी होती.

"और बंडी?" तिनं मला विचारलं.

नातू टोपी माझ्या डोक्यावर ठेवायला आला, तसा मी त्याचा हात धरला.

"नको रे बाप्पा. आम्हा साऱ्या बायकांले त्याइनं तवाच टोपी घातली."