धुतलेले हात

नोकरीत पुष्कळ मृतदेह पाहिले आणि बहुतेक विसरलो. बोडीच्या पाळीवर, म्हणजे गावतळ्याच्या बांधावर, सापडलेला तो एक मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा मी गोंदिया जिल्ह्यात देवरीच्या भागात ठाणेदार होतो. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. सकाळी ठाण्यात हजेरी चालू असतानाच चिचगडकडच्या एका गावाच्या पोलीस पाटलाचा फोन आला. गावाजवळच्या बोडीवर माणूस मरून पडला आहे. दारू पिऊन पडला असावा. जमादाराला घेऊन मी निघालो. मेलेला माणूस चाळिशीतला मजूर होता. अंगावर जखम नव्हती, शर्टाला मोहाच्या दारूचा उग्र वास येत होता.

"साहेब, सरळ प्रकरण आहे," जमादार म्हणाला. "अकस्मात मृत्यू दाखल करू."

पंचनामा सुरू असताना त्याची बायको आली. भाताच्या बांधीतून तशीच उठून आली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. ती रडली नाही. प्रेताजवळ बसली, नवऱ्याचा हात उचलला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"साहेब, यायले कोनं धुतलं?"

"म्हणजे?"

"यायचे हात इतके साफ लग्नातही नव्हते. काळ्या तेलाचं काम करत होते. नखातला काळा रंग कितीही घासला तरी जात नव्हता."

"दारू पीत होता?"

"आमी बुद्धाचे लोक. घरात पंचशील चालते. यायनं दारू कधी तोंडाले लावली नाही. वास शर्टाले येऊन राहिला, साहेब. तोंडाले पाहा."

मी वाकून पाहिले. तोंडाला वास नव्हता. नखे कातडी सोलवटेपर्यंत घासलेली होती. कानामागे मात्र काळा ओघळ राहून गेला होता आणि केसांना डिझेलचा वास होता. माणूस मारून फेकून देणारे मी पाहिले होते. आंघोळ घालून फेकणारे पहिल्यांदाच पाहत होतो.

तो ज्या ठिकाणी कामाला होता ती एक बंद पडलेली राइस मिल होती. महामार्गावरच्या गॅरेजांतून ट्रकचे जळालेले ऑइल गोळा करून ते शुद्धीकरणाच्या मान्यताप्राप्त कारखान्यात पोहोचवण्याची परवानगी मिलच्या मालकाकडे होती. फाटकावर तसा हिरवा फलकही लावलेला होता. हे काम नीट केले तर चांगलेच. जळालेले तेल वाया जात नाही. ते पुन्हा शुद्ध होते आणि नाल्यात, शेतात जात नाही.

मालक हात जोडूनच बाहेर आला. "साहब, वो तो कल काम पे आया ही नहीं। पीता बहुत था।"

मी दारूचे नावही काढले नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जो आधी देतो, तपास त्याच्या दारातून सुरू करावा, हे मला नोकरीने शिकवले होते.

शवविच्छेदनात पोटात दारू निघाली नाही. मृत्यू गुदमरून झाला होता. मग मिलची झडती घेतली. आत तेलाची जमिनीत पुरलेली टाकी होती, आम्लाचे कॅन होते आणि नव्या तेलाची लेबले लावलेले डबे रचून ठेवले होते. मालक जुने तेल कुठेच पाठवत नव्हता. आम्ल टाकून तिथेच त्याचा रंग काढायचा, नवे म्हणून विकायचा आणि उरलेला जळजळीत गाळ मिलच्या मागच्या नाल्यात सोडायचा.

त्याच्या टँकरचा ड्रायव्हर गोंदिया शहरातला होता. त्याला चौकशीला बोलावले. मृत्यूबद्दल मी काहीच विचारले नाही.

"माल कहाँ खाली करते हो?"

"नागपूर साइड, साब। मंजूरीवाले प्लांट में।"

टोलनाक्यावरचे चित्रण मी आधीच मागवून पाहिले होते. हा टँकर नागपूरच्या दिशेने कधी गेलाच नव्हता. ते त्याला दाखवले. चहा आला, तो त्याने घेतला नाही. "किसने मारा" या प्रश्नाची तयारी करून तो आला होता, हे दिसत होते. मी वेगळेच विचारले.

"उसको नहलाया किसने?"

तो बोलू लागला. मजूर टाकीतला गाळ काढायला उतरला होता. आत वायू साचलेला होता. हाक मारली तर उत्तर आले नाही, म्हणून त्याने आणि मालकाने कमरेला बांधलेल्या दोराने मजुराला वर ओढले.

"सेठ बोले, अस्पतालवाले पूछेंगे ये तेल कहाँ का है। पहले साफ करो।"

आधी डिझेलने पुसले, मग साबण लावला.

"तब तक मर चुका था?"

"नहीं साब। साँस चल रही थी। साबुन लगाते-लगाते बंद हुई।"

दवाखान्यात न्यायला टँकर फाटकातच उभा होता.

मालकाला अटक केली. सदोष मनुष्यवध, पुरावा नष्ट करणे, बेकायदा तेलाचा धंदा, सगळी कलमे लावली. ड्रायव्हरला माफीचा साक्षीदार केले. मालक जामिनावर सुटला आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. सुनावणीला ड्रायव्हर फिरला. जबाब पोलिसांच्या धाकाने दिला, म्हणाला. पंच फितूर झाले. गावातले कोणी साक्षीला आले नाही. त्यांच्या ट्रॅक्टरांत, पंपांत तेच स्वस्त तेल होते आणि मिल चालू राहावी असे बऱ्याच जणांना वाटत होते. उलट लोक त्या बाईलाच म्हणत, "कायले कोर्टात जाऊन राहिली? मेलेला मानूस परत येते काय?"

ती प्रत्येक तारखेला आली.

निकालाच्या दिवशी मी निवृत्त झालेलो होतो, तरी गेलो. बाहेरच्या व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली.

"साहेब, काय झालं ते मले सांगा. वकील इंग्रजीत बोलून राहिला होता."

मी सांगितले. मनुष्यवधातून मालक निर्दोष सुटला. विनापरवाना तेलावर प्रक्रिया केल्याबद्दल त्याला दंड झाला.

तिने ते मनात दोनदा घोळवले असावे. मग म्हणाली, "म्हनजे तेलासाठी शिक्षा झाली. मानसासाठी नाही."

ती एसटी स्टँडकडे निघून गेली.

कायदा कमी पडला, असे लोक म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. परवानगी होती, नियम होते, फलकही होता. कमी पडली ती विचारण्याची सवय. आता मोटारसायकलचे ऑइल बदलायला गेलो की मी मिस्त्रीला विचारतो, हे काळे तेल कोण नेतो, कुठे नेतो. परवा एका मिस्त्रीने मान वर न करता उत्तर दिले, "नेनारा नेते, साहेब. आपल्याले काय करायचं?"

मालकाच्या मिलभोवतालचे सगळे गाव हेच म्हणत होते.