पटक्यातला आणा

बंगालात दुष्काळ पडला त्या वर्षी मी सांगलीच्या कॉलेजात इंटरला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. मदतीसाठी नाट्यगृहात दुपारी गाण्यांचा कार्यक्रम ठरला, तेव्हा मी भीत भीत सुचवलं की आमच्या आष्ट्याचे एक गोंधळी आहेत, त्यांचा संबळ ठेवावा. समितीचे चिटणीस वकील होते. ते म्हणाले, "आण की. फुकट येत असेल तर आण."

त्या गोंधळ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. मी विचारायला गेलो तेव्हा ते संबळाची वादी आवळत होते.

"बंगाल म्हंजी कुठं आलं रं?"

"लांब हाय आबा. कलकत्त्याकडं. माणसं रस्त्यावर मरत्यात."

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना लग्नघरच्या गोंधळाचं आवतान होतं. ते त्यांनी मोडलं. मी म्हणालो, "तितं तुमचा मान ऱ्हाईल, आबा." हे मी कशाच्या जोरावर बोललो, मला अजून कळत नाही.

नाट्यगृहाशी पोचलो तर चिटणीसांनी मला बाजूला घेतलं. "आत नाट्यगीतं आहेत. हा दणदणाट आत नको. दाराशी वाजवू दे, गर्दी जमेल." आबांनी ते ऐकलं. त्यांनी दाराबाहेर घोंगडं अंथरलं आणि संबळ कमरेला बांधला.

गर्दी जमली. हळदीच्या पेठेतले हमाल पिवळ्या अंगानिशी तसेच आले. एकजण ओरडला, "आबा, आमच्या पेठंच्या नावानं हून जाऊ द्या! आतल्यांस्नी झोपा लागल्यात!" सगळे हसले. त्याच हमालानं पहिला आणा टाकला.

आमच्याकडे गोंधळ्याच्या पुढ्यात पडलेलं पहिलं नाणं देवीचं असतं. गोंधळी ते कपाळाला लावतो, पटक्याच्या घडीत खोचतो आणि घरी गेल्यावर त्या पैशाचं तेल आणून देवीपुढे जाळतो. पुढचं सगळं ज्याच्यासाठी वाजवलं त्याला. आबांनी तेच केलं. त्यानंतरच्या नाण्यांकडे ते संबळाच्या काडीनं खूण करत होते आणि मी ती उचलून हातातल्या मदतीच्या पेटीत टाकत होतो.

माझ्याच वर्गातला एक स्वयंसेवक, पेशव्यांच्या वेळेपासून सांगलीत असलेल्या घरातला, एकदम ओरडला, "अहो, यानं पटक्यात पैसे लपवले!"

चिटणीस बाहेर आले. "काढ ते," ते म्हणाले. "उपाशी पोरांच्या तोंडचा घास चोरतोस?"

संबळ थांबला. आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्येला इचारा, साहेब. ह्यो आमच्या गावचा हाय. ह्येला रीत ठावी हाय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या फीमाफीच्या अर्जावर चिटणीसांची शिफारस होती. तेवढंच मला त्या क्षणी आठवलं.

"मला... मला नीट दिसलं नाही," मी म्हणालो.

आबांनी स्वतःच्या हातानं पटका सोडला. भर रस्त्यात, हमालांसमोर. त्यांचं बोडकं डोकं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. आणा खाली पडला, तो त्यांनी उचलून माझ्या पेटीत टाकला. पटका काखेत मारला, घोंगडं उचललं आणि आष्ट्याच्या वाटेला लागले.

आत चिटणीसांचं भाषण झालं. बंगालच्या आयांचं वर्णन करताना त्यांनी रुमालानं डोळे टिपले, पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला त्या रडण्याचीही किळस आली आणि टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या हातांची तर त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी धीर करून मी चिटणीसांच्या घरी गेलो आणि पहिल्या नाण्याची रीत त्यांना सांगितली. आबांना चार ओळींचं माफीचं पत्र लिहा, असं त्यांना म्हणालो. ते पान चघळत होते.

"अरे, एका आण्याचं काय घेऊन बसलास?" ते हसून म्हणाले. "कार्यक्रम केवढा रंगला ते बघ."

त्यांच्या ओठांच्या कडेला आलेला तो लाल ओघळ बघून मला तिथून पळावंसं वाटलं. पण मी त्यांना नमस्कार करून निघालो. तोही केलाच.

रविवारी आष्ट्याला गेलो. आबा देवळासमोर चार म्हाताऱ्यांत बसले होते. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं की आबांनी काही चोरलं नाही, मी बघितलं होतं, मी तिथे खोटं बोललो. म्हातारे खाली बघत राहिले.

आबांनी मला बसही म्हटलं नाही.

"ह्ये तितं बोलायचं व्हतं, गड्या," ते म्हणाले. "हितं मला समदी वळखत्यात."