आत्याची करवत

आमच्या आत्याला कुणाच्या घरी नेणं म्हणजे धोकाच. लोक पाहुण्यांकडे गेले की माणसं बघतात. आत्या झाडं बघायची. वाळलेली फांदी, म्हणजे सल, दिसली की हिच्या पिशवीतून करवत बाहेर आलीच म्हणून समजा!

तेव्हा निजामाचं राज्य. तालुक्याच्या कचेरीपुढच्या कडुलिंबाची सल ती छकड्यावर उभी राहून काढत होती. शिपाई धावत आला. "ए बाई, सरकारी झाड है!"

"मंग सरकारला सांग, तुमचं झाड आजारी हाय," आत्या म्हणाली, "अन् तवर माझे बैल धर." बिचाऱ्यानं धरले.

अशा बाईला घेऊन आम्ही घनसावंगीला माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो. मुलगी पाटावर खाली मान घालून बसली. सगळे तिच्याकडे बघत होते, मीही, चोरून. आत्या मात्र परसातल्या मोसंबीकडे बघत होती.

"किती वर्सं झाली सल काढून?"

मुलीचे वडील ताठ झाले. "आमच्या बापानं लावलेलं झाड हाय. आजवर पातं लागू दिलं न्हाई."

"म्हणून तर मरून राह्यलं," म्हणत आत्या उठली. आम्ही 'आत्या, आत्या' करेपर्यंत दोन फांद्या खाली! वडील झाडाकडे धावले. तेवढ्यात, जिनं नावसुद्धा पुटपुटत सांगितलं होतं ती मुलगी दारातून खणखणीत बोलली, "आत्याबाई, ती सरळ वर गेलेली बी काढा. फळ देत न्हाई, नुसती पाणी पिती." आणि जखमांना लिंपायला गोठ्यातून शेणाचा काला घेऊन आली.

"पोरगी बिलकुल पसंत!" आत्या वरून म्हणाली.

"पण तुम्ही पसंत न्हाईत!" वडील गरजले. "झाड फुटलं तर सोयरीक. न्हाई तर रामराम!"

खरं सांगतो, तो आवाज ऐकल्यावर दुसरी मुलगी पाहायला मी तयार नव्हतो. जीव टांगणीला लागला. घनसावंगीच्या बाजाराहून येणाऱ्या प्रत्येकाला मी मोसंबीची तब्येत विचारी. नवरदेव झाडाशीच लग्न लावतोय, असं गावात पसरलं. आत्या मात्र ढिम्म. "जल्दी कशाची? झाड तुझ्यासारखं उतावळं नसतं."

माघात मुलीचे वडील स्वतः आले. त्यांनी उपरण्यातून फुलांनी लगडलेली डहाळी काढून आत्यापुढे ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यानं डहाळी उलटून तिचं मोडलेलं टोक पाहिलं.

"अशी पिरगाळून मोडली व्हय? आता तिथं सल पडंल की!"

लग्न झालं. शेवटच्या दुखण्यात आत्यानं करवत माझ्या बायकोच्या हाती दिली. मी कुरकुरलो, "अन् मला?"

"तू काल्याची पाटी धर."

आत्या गेली, त्याला बरीच वर्षं झाली. अजून तिच्यावाचून आमची बाग सुनी वाटते. सल काढायचे दिवस आले की बायको वर आणि मी खाली, पाटी धरून. परवा न राहवून मी एका फांदीला हात घातला.

"जल्दी कशाची?" वरून आवाज आला, हुबेहूब आत्याचा. मी हात मागे घेतला, आणि एकदम भरून आलं.